परदेशातून आलेल्याचा ताप लपवू नका



४ डिसेंबर २०२१ ची ती बातमी डोंबिवलीकर विसरले नसतील. महाराष्ट्रातला ओमायक्रॉनचा पहिला रुग्ण आपल्या कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत सापडला होता. दक्षिण आफ्रिकेतून दुबई आणि दिल्लीमार्गे तो घरी आला होता. दिल्ली विमानतळावर त्याने तपासणीसाठी नमुना दिला आणि पुढे मुंबईचं विमान पकडलं. २४ नोव्हेंबरला त्याला थोडा ताप आला. बाकी काही त्रास नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने या विषाणूला ओमायक्रॉन हे नाव दिलं ते २६ नोव्हेंबरला. म्हणजे नाव पडण्याआधीच तो आपल्या दारात पोहोचला होता.

मग आरोग्य कर्मचाऱ्यांनी काय केलं? त्याच्या निकट संपर्कातले १२ आणि इतर २३ जण शोधून तपासले. दिल्ली-मुंबई विमानातले २५ सहप्रवासीही तपासले. सगळे निगेटिव्ह निघाले. रुग्णही काही दिवसांत बरा होऊन घरी गेला.

आरटीपीसीआर तपासणीत कोरोना आहे की नाही एवढंच नक्की कळतं. त्याचा प्रकार कोणता, हे जनुकीय तपासणीतून कळतं आणि त्याला वेळ लागतो. तोपर्यंत उपयोगी पडते ती रुग्णाने दिलेली माहिती: कुठून आलो, कधी आलो, कुणाला भेटलो. या शोधामुळे साथ कायमची थांबत नाही. जानेवारी २०२२ मध्ये तिसरी लाट आलीच. पण तयारीला वेळ मिळतो.

आपल्या वस्त्यांतली मुलंही आखातात आणि जहाजांवर कामाला जातात. त्या काळात एका माऊलीने परत आलेल्या मुलाचा ताप चार दिवस लपवला. मी विचारलं तर म्हणाली, "ताई, कळलं तर नळावर पाणी भरू देणार नाहीत." पाण्यावरून माणसाला अडवणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तेच आपण शेजाऱ्याशी करायचं का? बहिष्काराच्या भीतीने आजार लपतो आणि लपलेला आजार घरोघर जातो.

म्हणून एवढं करा:

• परदेशातून आल्यावर १४ दिवसांत ताप, खोकला, घसादुखी झाली तर आशाताईला किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात कळवा. प्रवास कुठून झाला तेही सांगा.

• घर एका खोलीचं असेल तर रुग्णाने मास्क लावावा, खिडकीजवळ झोपावं. दार-खिडकी उघडी ठेवा.

• म्हातारी माणसं, गरोदर बाई, लहान बाळ, मधुमेह किंवा टीबीचा रुग्ण यांना जमल्यास काही दिवस नातेवाइकांकडे झोपायला पाठवा. मात्र त्यांना स्वतःला ताप-खोकला नाही ना, हे आधी पाहा.

• दम लागणं, छातीत दुखणं, ओठ निळे पडणं, बोलण्यात गोंधळ, किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला तर घरी थांबू नका. शास्त्रीनगर किंवा रुक्मिणीबाई रुग्णालय गाठा.

• शेजाऱ्यांनी त्या घरासाठी पाण्याचे दोन हंडे भरून दारात ठेवावेत.

अंतर आजारापासून ठेवा, माणसापासून नको.