भाताच्या तुसाची राख आणि सोयाबीनचा ओलावा

कंपनीच्या प्रयोगशाळेचा इतिहास शोधांच्या यादीने सांगण्याचा प्रघात आहे. मला तो अपुरा वाटतो. प्रश्न कोणाचा होता आणि उत्तराची निकड कोणाला होती, हेही विचारायला हवे. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीच्या प्रिन्स्टन इथल्या प्रयोगशाळेने 1968 मध्ये द्रवस्फटिकाचा पडदा जगापुढे ठेवला. पण कंपनीचा धंदा पिक्चर ट्यूबवर उभा होता. तिचे या पडद्यावाचून काही अडले नव्हते. जपानच्या शार्पला मात्र खिशात मावणारा, कमी वीज खाणारा कॅल्क्युलेटर हवा होता. 1973 मध्ये तिने असा पडदा त्यात बसवला.

आपल्याकडे टाटा समूहाची टीआरडीडीसी ही संशोधन संस्था पुण्यात 1981 साली निघाली; नांदेडचे श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालयही त्याच वर्षीचे. टीआरडीडीसीचे मुख्य काम सॉफ्टवेअरचे, तरी तिथेच भाताच्या तुसाच्या राखेतून पाणी गाळण्याची युक्ती घडली. राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण चढवून 2009 मध्ये ‘टाटा स्वच्छ’ बाजारात आले. वीज नाही, नळ नाही, ही अडचण गृहीत धरूनच ते बेतले होते. यावर लातूरकर म्हणेल, 2016 मध्ये आम्हाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे फिल्टर काय कामाचा? आक्षेप रास्त आहे. फिल्टर पाणी निर्माण करत नाही. पण त्यातून माझा मुद्दा पक्काच होतो: प्रश्न जिथला, उत्तर तिथल्याच मापाचे लागते.

मोंढ्यातला सोयाबीन घ्या. हमीभावाने खरेदी करताना ओलाव्याची मर्यादा एरवी 12 टक्के. 2024 च्या हंगामात केंद्राने ती 15 वर नेली. हा ओलावा सांगणारे यंत्र इलेक्ट्रॉनिकच आहे. दोन धातूपट्ट्यांमध्ये दाणे भरले की त्यांची विद्युतधारकता मोजली जाते. पाण्याचा परावैद्युतांक सुमारे 80, कोरड्या दाण्याचा फारच कमी, म्हणून ओल वाढली की आकडा चढतो. मात्र तापमान, दाणे किती दाबून भरले, वाण कोणता, यानेही तो हलतो. अशा एखाद्या टक्क्याच्या फरकावर शेतकऱ्याची पोती परत जातात.

हे यंत्र सुधारायला लागणारी मोठी यंत्रसामग्री पुण्यातच परवडते, असे कोणी म्हणेल. खरे आहे, आणि ओलाव्याचा संवेदक तिथेच बनावा. पण त्याचे अंशांकन नांदेड-लातूरच्या वाणांवर, परतीच्या पावसानंतर मोंढ्यात राशी पडलेल्या असतानाच करावे लागेल, आणि ते करू शकणारी मुले नांदेडच्या त्या महाविद्यालयाच्या वर्गात आजही बसलेली आहेत.