ज्या पेशंटकडून ‘शिकण्यासारखं काही नाही’

(कळंब येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा आपला विषय आहे, डॉक्टर कसा घडतो. नीटचा निकाल लागला की गावात बॅनर लागतो, पेढे वाटले जातात. पुढे साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. या साडेपाच वर्षांत त्या पोराचं किंवा पोरीचं नेमकं काय होतं, हे आपण फारसं विचारत नाही. समाजशास्त्रज्ञांनी मात्र ते विचारलंय.

आधी एक उदाहरण घेऊ. समजा, आपल्याच भागातली एक बाई मोठ्या दवाखान्यात गेली. म्हणते, “डॉक्टर, हातापायातलं अवसान गेल्यागत झालंय. झोप न्हाई. छातीत धडधड होतंय.” तपासण्या झाल्या, सगळे रिपोर्ट नॉर्मल. आता तिथं उभा असलेला शिकाऊ डॉक्टर तिच्याकडे कसं पाहील?

1950 च्या दशकात अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात हॉवर्ड बेकर, ब्लांश गीर, एव्हरेट ह्यूझ आणि ॲन्सेल्म स्ट्रॉस या चौघांनी मोठा अभ्यास केला. नुसते फॉर्म भरून घेतले नाहीत. विद्यार्थ्यांबरोबर वर्गात बसायचं, वॉर्डात फिरायचं, त्यांच्या गप्पा ऐकायच्या, अशी पद्धत. 1961 मध्ये ‘बॉइज इन व्हाइट’ हे पुस्तक आलं.

त्यांच्या कानावर विद्यार्थ्यांचा एक शब्द सारखा पडायचा, ‘क्रॉक’. शब्दशः अर्थ मडकं. काही पेशंटना पोरं तुच्छतेनं असं म्हणायची. कोणाला? ज्याच्या तक्रारी पुष्कळ, पण तपासणीत काही सापडत नाही, अशा माणसाला. बेकरनं खोदून खोदून विचारलं, यात एवढं चिडण्यासारखं काय आहे? उत्तर साधं निघालं. या पेशंटला वेळ फार द्यावा लागतो आणि त्यातून नवीन काही शिकायला मिळत नाही. हृदयातला वेगळा आवाज ऐकायला मिळाला, तर तो पेशंट ‘चांगला’!

म्हणजे ही पोरं दुष्ट होती का? नाही. उलट पहिल्या वर्षी ती मोठ्या उमेदीनं आली होती, सगळं शिकायचं म्हणून. थोड्याच दिवसांत कळलं की सगळं शिकणं अशक्य आहे. मग सर परीक्षेत काय विचारतील, याचा शोध सुरू झाला. जे मोजलं जातं ते शिकायचं, हा शहाणपणा त्यांना परिस्थितीनं शिकवला. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. कॉलेज संपत आलं, तसा त्यांचा ध्येयवाद परत आला, फक्त जास्त व्यवहारी होऊन.

पुढे 1990 च्या दशकात फ्रेडरिक हॅफर्टी यांनी वैद्यकीय शिक्षणातल्या ‘छुप्या अभ्यासक्रमा’वर लिहिलं. पुस्तकात असतं, पेशंटशी आदरानं बोला. वॉर्डात मात्र ऐकू येतं, “ती 12 नंबरच्या बेडची केस.” मग विद्यार्थी यातलं काय उचलणार? जे रोज ऐकतो तेच.

आपल्याकडे यावर काही प्रयत्न झालेत. सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये मेडिकल कॉलेज सुरू केलं. तिथं विद्यार्थी सुरुवातीलाच गावात शिबिराला राहतात, त्यांना कुटुंबं वाटून दिली जातात, आणि शिबिर संपल्यावरही त्या घरी जाणं सुरू राहतं. 2019 च्या नव्या अभ्यासक्रमात देशभर वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद हे विषय आले. त्यानंतर विद्यार्थ्यांनी कुटुंबं दत्तक घेण्याचा कार्यक्रमही आला. चांगलं आहे. पण तेही लॉगबुकात सही मिळवण्यापुरतं उरलं, तर कॅन्ससचीच गोष्ट पुन्हा घडणार. सही मोजली जाईल, बोलणं नाही.

हा प्रश्न आता आपल्यापासून लांबचा नाही. अंबाजोगाईला जुनं ग्रामीण मेडिकल कॉलेज आहे, धाराशिवलाही सरकारी कॉलेज सुरू झालंय. तिथल्या वॉर्डात शिकायला मिळणारे पेशंट म्हणजे आपलीच माणसं.

पुन्हा त्या बाईकडे येऊ. रिपोर्ट नॉर्मल आहेत. एखाद्या सरांनी खुर्ची ओढून तिला विचारलं, “मावशी, हे कधीपासून होतंय? घरी काय चाललंय?” तर कदाचित कर्ज निघेल, मुलीच्या लग्नाची काळजी निघेल, किंवा रिपोर्टात अजून न दिसलेला आजारही निघेल. शेजारी उभ्या असलेल्या पोरानं ती पाच मिनिटं पाहिली, तर तोही धडाच झाला. आणि परीक्षेत याच बोलण्याला मार्क असतील, तर ती बाई ‘शिकण्यासारखं काही नसलेली’ राहणार नाही.

म्हणून नव्या कॉलेजच्या इमारती आणि जागा मोजताना आणखी एक प्रश्न विचारत जा. इथं पेशंटचं ऐकून घ्यायला कोण शिकवतं, आणि ते कोण तपासतं?