अहमदपूरच्या उन्हात अकरावीचं गणित

अहमदपुरात गच्चीवर दहा फुटांचा वेळू सरळ उभा करा. 22 डिसेंबरला भर दुपारी त्याची सावली उत्तरेला नऊ फूट पडते. 21 जूनला तीच जेमतेम दहा इंच, आणि चक्क दक्षिणेला! अकरावी सायन्सची पोरं टॅन, डोमेन, पिरियड म्हणून जे घोकतात, ते सगळं या वेळूच्या बुडाशी सापडतं.

पहिला मान टॅनचा. सूर्य डोक्यावरून किती अंश कललाय बघा, त्याचा टॅन काढा, उंचीने गुणा. सावलीची लांबी हजर! अहमदपूरचा अक्षांश सुमारे 18.7. दिवसरात्र समान असतात तेव्हा माध्यान्हीला सूर्य तेवढाच कलतो. आपले जुने ज्योतिषी 12 अंगुळांचा शंकू रोवून त्या दिवसाची सावली मोजायचे आणि तिला पलभा म्हणायचे. अहमदपूरची पलभा येते 4 अंगुळांहून किंचित जास्त, म्हणजे शंकूच्या जवळजवळ तिसरा हिस्सा.

भास्कराचार्यांनी तर 1150 च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त 18 अंशांच्या साईनची बिनचूक किंमत काढायची रीत दिली. आजच्या भाषेत, पाचाच्या वर्गमुळातून 1 वजा करा, 4 ने भागा: 0.309. कॅल्क्युलेटर दाबून पाहा, ताळा जुळतो. त्यांच्या घराण्याची हकिकत चाळीसगावजवळ पाटणच्या शिलालेखात आजही वाचता येते.

डोमेन? सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. मावळतीला सूर्य क्षितिजापासून एक अंशावर आला, की दहा फुटी वेळूची सावली होते 573 फूट. पुढे ती वाढतच जाते, आणि 90 अंशांच्या टॅनला उत्तरच नाही. अ‍ॅसिम्प्टोट म्हणतात तो हाच.

नुसती लांबी सांगून वेळ ओळखा म्हटलं, तर पंचाईत होते. तेवढीच सावली सकाळीही पडते, दुपारनंतरही. एका उत्तराला दोन मालक असले, की सरळ इन्व्हर्स मिळत नाही. आधी दिवसाचा एक अर्धा भाग निवडावा लागतो. साईन इन्व्हर्सची रेंज का छाटतात, ते इथे पटतं.

सगळ्यात देखणी साईनची लाट. वर्षभरात सूर्य विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना 23.4 अंशांपर्यंत जाऊन येतो: अ‍ॅम्प्लिट्यूड 23.4, पिरियड एक वर्ष. 18.7 ची रेघ ही लाट दोनदा कापते, म्हणून अहमदपूरला वर्षातून दोनदा सावली गायब होते. दिल्ली 28.6 वर; तिच्या नशिबी हा दिवस नाहीच.

आपले दिवस 14 मे आणि 28 जुलैच्या आसपासचे. जुलैत ढगांचा भरवसा नाही, म्हणून मेचा दिवस गाठा. घड्याळाच्या बाराला मात्र फसू नका. आपली वेळ 82.5 रेखांशाची, अहमदपूर 76.9 वर, आणि एका अंशाला चार मिनिटं. मेमधली तीन-चार मिनिटांची सूट धरून सूर्य माथ्यावर येतो 12 वाजून 18-19 मिनिटांनी.