खोताचा वाडा

पेणची भोगावती आणि रोह्याची कुंडलिका या दोन नद्यांच्या खोऱ्यांत, भाताच्या खाचरांहून किंचित उंच जागी, दगडी जोत्यावर जे जुने खोती वाडे उभे आहेत, त्यांच्याकडे केवळ ऐश्वर्याची खूण म्हणून पाहणे हा त्या वास्तूंवर अन्याय होय; कारण वाडा ही आधी गावची कचेरी होती, मग गावचे कोठार, आणि त्यानंतरच कोणा एका घराण्याचे निवासस्थान. गावच्या जमाबंदीची कबुलायत खोताने सरकारला लिहून द्यावी, सारा स्वतःच्या जबाबदारीवर भरावा आणि कुळांकडून तो भातरूपाने वसूल करताना आपला खोती फायदा राखावा, अशी ती वहिवाट. पीक उभे असतानाच अभावणी होई, उत्पन्नाचा अंदाज बांधला जाई आणि त्यावरून अर्धेलीचा आकडा वहीत चढे.

वाड्याची रचना याच व्यवहारातून घडली. ओटीवर खोताची बैठक, अंगणात कूळ. जोत्याच्या चार-पाच पायऱ्यांनी दोघांतले अंतर कायम केलेले. ओटीच्या सागवानी खांबाखाली घडीव दगडाचा तळखडा असतो, तो शोभेपुरता नव्हे. कोकणच्या पावसाळ्यात जमिनीची ओल लाकडात चढू नये, हे त्याचे खरे काम. आत माजघर, त्याच्या कडेला भात साठवण्याचे बळद, आणि वर माळा, जिथे चुलीच्या धुराने बियाणे कोरडे व निकीड राहते.

इंग्लंडमध्ये लिंकनशायर परगण्यात बूथबी पॅग्नेल येथे सुमारे १२०० सालचे एक नॉर्मन जमीनदाराचे घर आहे. तेथे तळमजल्यावर दगडी कमानींचे कोठार, वर धन्याचे दालन, आणि दालनात जाण्यास बाहेरून जिना. धान्य आणि धनी एकाच छपराखाली नांदावेत, ही गरज दोन्हीकडे सारखीच. परंतु नॉर्मन धनी धान्य खाली ठेवून आपण वर चढला, तर आमच्या खोताने बियाणे माळ्यावर चढवून आपली बैठक अंगणालगत ठेवली. मला यात पावसाचा हात दिसतो, आणि कुळावर सतत नजर ठेवण्याच्या गरजेचाही.

पेणच्या खाडीकाठी व्यवस्थेला आणखी एक अंग होते. तेथील शेती खारबंदिस्तीवर तगलेली. ओहोटीला उघाडीतून गोडे पाणी बाहेर सोडायचे, भरतीला खारे पाणी अडवायचे. बांध फुटला तर खारे पाणी शेतात शिरून जमीनच नापीक होई, म्हणून बांधाची राखण हे साऱ्या गावाचे काम असे, आणि त्यासाठी लागणारे श्रम बहुतांशी कुळांचेच असत.

या वास्तूंविषयी मला मनःपूर्वक ममत्व आहे. तथापि त्यांच्या बळदांत साठलेल्या भातात वेठीचाही अंश होता, हे विसरून त्यांचे गुणगान करणे मला जमणार नाही. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत जमिनी कसल्या नाहीत. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. आणि अखेर १९४९ च्या कायद्याने ही पद्धत संपली. पुढे भूदानाची चळवळ उभारणारे विनोबा याच पेण तालुक्यातील गागोद्याला १८९५ मध्ये जन्मले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

कचेरी गेली, कोठार रिते झाले, आणि वाटण्यांनी वाड्यांच्या ओट्या दुभंगल्या. जे वाडे उरले आहेत त्यांची मोजणी करून नकाशे काढावेत, मोडीतली दप्तरे वाचून घ्यावीत, आणि त्या वह्यांत ज्यांची नावे येणे-बाकी म्हणून लागली आहेत, त्या कुळांच्या नातवंडांच्या आठवणीही त्याच ग्रंथात, त्याच आदराने, नोंदवाव्यात.