स्क्रू ड्रायव्हरपर्यंतची कमाई

बंद पडलेला संगणक अख्खाच भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवला की त्याला जवळजवळ पत्र्याचाच भाव लागतो. कॅबिनेटचे लोखंड आणि आतले तांबे काट्याला सारखेच. तांबे-लोखंड वेगळे करण्याचे काम पुढे गोदामात कुणीतरी करतोच, आणि भावातला फरक त्याला मिळतो. जुन्या संगणकातून जास्तीचे चार पैसे येतात ते या निवडण्याच्या मेहनतीचे. ती मेहनत घरी जरूर करावी, पण स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला की तिथेच थांबावे, असे माझे ठाम मत आहे.

आधी चालू भाग बाजूला काढायचे. चालू स्थितीतली रॅम भंगारात तोलणे हा शुद्ध तोटा आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये काय, जुन्या मशीनच्या दुरुस्तीला असे सुटे भाग लागतातच. उरलेल्याची निवड लोहचुंबकाने होते. चिकटले ते लोखंड. प्रोसेसरवरचा हीटसिंक चिकटत नाही, तो बहुधा ॲल्युमिनियमचा, कधी तळाशी तांब्याचा. हार्ड डिस्कचे सगळे स्क्रू काढले तरी झाकण हलत नाही, तेव्हा लेबलावरून बोट दाबत न्यावे. जिथे खळगा लागतो तिथे कागदाखाली एक स्क्रू दडलेला असतो. झाकण उघडले की आरशासारख्या चकत्या आणि बोट चिमटीत सापडले तर रक्त काढतील असे चुंबक दिसतात. या चकत्या मोडल्याशिवाय डिस्क कुणाला देऊ नये, कारण फॉरमॅट केल्याने माहिती खरोखर पुसली जातेच असे नाही. एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याचा, डबा मात्र उघडूच नये. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतका विद्युतदाब राहू शकतो. तो डबा तसाच विकावा, वायर तेवढ्या वेगळ्या कराव्यात, आणि त्या सोलाव्यात, जाळू नयेत.

मोह पडतो तो रॅमच्या कडेच्या सोनेरी पट्टीचा. ते सोने खरे असते, पण त्याचा थर केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. टोकियो ऑलिंपिकची पदके जुन्या उपकरणांतून घडवली गेली, तेव्हा सुमारे 79 हजार टन उपकरणांतून 32 किलो सोने निघाले. म्हणजे टनामागे अर्धा ग्रॅमही नाही. त्या ढिगात इतर घरगुती उपकरणेही होती आणि नुसत्या मदरबोर्डांत प्रमाण बरेच जास्त असते, हे मान्य. पण ते सोने काढायला नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्ल लागते, आणि गच्चीवरच्या बादलीतून उठणारा तपकिरी धूर फुफ्फुसे जाळतो. मुरादाबादला रामगंगेच्या काठी वर्षानुवर्षे बोर्ड जाळून राख धुतली गेली. शिसे आणि इतर जड धातू तिथल्या मातीत उतरले. घरातल्या दोन-चार पट्ट्यांचे सोने त्या आम्लाचीही किंमत भरून काढणार नाही. म्हणून बोर्डाला घरी हात लावू नये आणि तो भंगारवाल्यालाही देऊ नये; तो नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्याकडेच जावा.

यावर कुणी म्हणेल, भंगारवाल्याला बोर्ड दिला नाही तर त्याचे पोट कसे भरणार? पण पत्रा, तांबे, ॲल्युमिनियम त्याच्याकडेच जाते, आणि त्या व्यवहारात कुणाचे काही बिघडत नाही. गोळा करणे आणि निवडणे हे त्याचे खरे कसब आहे. पुण्यात कचरावेचकांनी ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभारून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हक्काने मिळवले, तेव्हा याच कसबाला मान मिळाला. आम्लाच्या बादलीपाशी बसणारा मजूर या साखळीतला सर्वांत कमी कमावणारा असतो. त्याची रोजी वाचवण्याच्या नावाखाली त्याला तिथेच बसवून ठेवणे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखाना एका मदरबोर्डासाठी दारात येत नाही. खरेच येत नाही. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली, पण तिसऱ्या मजल्यावरच्या कपाटातल्या बोर्डापर्यंत ती आपोआप पोहोचत नाही. इथे सोसायटीने पुढे यायला हवे. मदरबोर्डाला पाय फुटत नाहीत आणि तो कुजतही नाही. गोल बटण सेल काढून बोर्ड खोक्यात ठेवावा, वाहनतळाच्या कोपऱ्यात सगळ्या घरांसाठी एक पिंप असावे, आणि ते भरले की नोंदणीकृत गोळा करणाऱ्याला बोलवावे. पिंपभर बोर्ड असतील तर गाडी येते, आणि सोसायटीला भावही विचारता येतो.