न हंबरणारा बैल

बैल आजारी पडला की वैरणीला तोंड लावत नाही. मालकाच्या ते लगेच ध्यानात येते. ट्रॅक्टरचे तसे नाही. त्याचे काही दुखले तरी तो निमूट चालत राहतो आणि तक्रार करतो तेव्हा फार उशीर झालेला असतो!

हा धडा आमच्या घराला चार वर्षांपूर्वी मिळाला. तुळजापूरजवळ आमची सहा एकर काळी जमीन आहे. दादा ती कसतात. मी शहरात मुलांना व्याकरण शिकवतो. त्या आश्विनात सोयाबीनच्या मळणीला ट्रॅक्टर दिवसदिवस उभा होता. भोवती भुसकटाचे ढग. इंजिनाला डिझेलइतकीच हवेचीही भूक असते. ही हवा तेलाच्या भांड्यातून गाळून आत जाते आणि धूळ तेलात राहते. मळणीच्या दिवसांत हे भांडे रोज पाहायचे असते. आम्ही ते पाहिले नाही. तेलाचा चिखल झाला, धूळ आत शिरली, पिस्टनच्या रिंगा झिजल्या. निळसर धूर येऊ लागला आणि ऐन पेरणीच्या तोंडावर इंजिन खोलावे लागले.

वाफसा कुणासाठी थांबतो? दुरुस्ती होईतो रानातली ओल उडाली. ज्वारी अर्ध्याच रानात पेरता आली. पुढे उन्हाळ्यात कडबा विकत घेताना दादा एवढेच म्हणाले, "लिटरभर तेलाचा आळस केवढ्याला पडला रे!"

तेव्हापासून कारभार वहिनींकडे आला. पंचांगाशेजारी खिळ्याला त्यांची वही टांगलेली असते. सकाळी इंजिन थंड असताना, ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, पट्टी काढून ऑइल पाहायचे. रेडिएटरचे पाणी पाहायचे. त्याच्या जाळीत भुसा अडकला असेल तर झाडायचा. टायरची हवा, पंख्याचा पट्टा, ग्रीस यांचे वार ठरलेले. संध्याकाळी टाकी भरून ठेवायची, म्हणजे रिकाम्या जागेतल्या दमट हवेचे रात्री पाणी होऊन डिझेलमध्ये उतरत नाही. इंजिन किती तास चालले हे दाखवणारा काटा ट्रॅक्टरवरच असतो. आमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेप्रमाणे दर २५० तासांनी ऑइल बदलायचे.

"चांगला चालतोय की! आणखी आठ दिवसांनी बदलू," असे दादा एकदा म्हणाले. वहिनींनी हात जोडून उत्तर दिले, "आपली आई भवानी वर्षातून तीनदा पलंगावर निद्रेला जाते. ती दमली का, असं कुणी विचारायला जातं का? तिथी आली की निद्रा!"

दादा मुकाट्याने ऑइल आणायला गेले.

यंदा खंडेनवमीला मी गावी होतो. विळे, कुऱ्हाडी आणि कुळव यांच्या ओळीत ट्रॅक्टरही धुऊनपुसून उभा होता. वहिनींनी त्याला हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली, नारळ वाढवला. प्रसाद हातावर ठेवता ठेवता त्यांनी दादांना विचारले,

"तास किती झालेत?"