कळलावी : परसबागेतील देखणी, पण विषारी वेल

तमिळनाडूचे राज्यपुष्प असलेली कळलावी, शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा, आपल्याकडे कोकणात व सह्याद्रीच्या परिसरात पावसाळ्यात कुंपणावर आपोआप फुललेली दिसते. पाकळ्या उमलताना हिरवट-पिवळ्या असतात व पुढे शेंदरी-लाल होतात. म्हणूनच संस्कृतात तिला अग्निशिखा म्हणतात. नांगराच्या आकाराच्या कंदावरून लांगली हेही नाव पडले आहे.

त्रिभुज प्रदेशाचा धडा

कावेरी त्रिभुज प्रदेशात तंजावूरच्या भातखाचरांची जमीन भारी असून तीत पाणी साचते. अशा जमिनीत कळलावीचा कंद कुजतो. याच प्रदेशाच्या किनारी टोकाला, वेदारण्यम परिसरातील रेताड जमिनीत मात्र तिची बियांसाठी लागवड होते. पीक एकच, पण निचरा होतो की नाही यावरच त्याचे यश ठरते. ईशान्य मोसमी पाऊस तेथे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जोर धरतो. त्यामुळे भारी जमिनीच्या गावांत परसबागेसाठी उंच गादीवाफा किंवा रेती व शेणखत मिसळलेली मोठी कुंडीच योग्य ठरते.

लागवड

- महाराष्ट्रात जूनमध्ये, पावसाच्या प्रारंभी कंद लावावेत.
- कंदाच्या टोकावरील डोळा तुटू देऊ नये; डोळा नसलेला तुकडा उगवत नाही.
- कंद आडवा ठेवून त्यावर सुमारे ६ ते ८ सें.मी. माती घालावी. दोन कंदांत ३० ते ४५ सें.मी. अंतर राखावे.
- पानांची टोके ताणासारखी वळून आधार धरतात. त्यामुळे बारीक काटक्या, तार किंवा जाळी द्यावी. जाड खांबावर वेल चढत नाही.
- फुलातील परागवाहिनी काटकोनात बाहेर वळलेली असल्याने परागण अनेकदा अपुरे राहते. बी हवे असल्यास सकाळी दुसऱ्या फुलाचे पराग तिच्या टोकाला हाताने लावावेत.
- वेल वाळल्यावर पाणी बंद करावे. कंद सुप्तावस्थेत असतो, मेलेला नव्हे.

सावधगिरी

कंद, बी व वेलीचे इतर सर्व भाग विषारी आहेत. त्यांतील कोल्चिसिन हे द्रव्य संधिवाताच्या गाऊट या प्रकारावरील औषधात व वनस्पती-प्रजननात गुणसूत्रे दुप्पट करण्यासाठी वापरले जाते. पण पोटात गेल्यास उलट्या, जुलाब व अवयव निकामी होणे असे प्राणघातक परिणाम होतात. रताळे समजून कंद खाल्ल्याने मृत्यू झाल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदल्या आहेत. प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी कंद वापरण्याच्या जुन्या चालीवरूनच 'कळलावी' हे नाव रूढ झाले. ही चाल आज कदापि अनुसरू नये.

विस्तार कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी आवर्जून सांगाव्यात : कंद स्वयंपाकघरात किंवा रताळ्यांजवळ साठवू नयेत, हाताळताना हातमोजे घालावेत, वेल मुलांच्या व गुरांच्या वाटेपासून दूर लावावी. चुकून खाल्ल्यास घरगुती उपायात वेळ न घालवता वनस्पतीचा नमुना घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.

रानातील कंद उपटून आणल्याने ही वेल अनेक ठिकाणी विरळ होत आहे. म्हणून रोपवाटिकेतील कंद किंवा बी घ्यावे. बियांपासून फूल येण्यास काही वर्षे लागतात. पण रानातील वेल तिथेच राहते.